तीस दातांची चकती

छिंदवाडा
६ एप्रिल १९७९

सौ. धुरपताबाईस,
धाकट्या तेजरामचा नमस्कार.

बाई, दीड महिना झाला, तुले पत्र नाही. खोटं कशाले बोलू, टाळत होतो. एक कार्ड घेतलं ते खिशातच घामानं भिजलं. दुसऱ्यावर इथल्या बाबुलाल मिस्त्रीले सायकलीचं चित्र काढून दाखवलं. आता हे अंतर्देशीय घेतलं, चिकटवता येते, म्हणजे पवनीचा डाकवाला तुझ्याआधी वाचणार नाही.

त्रिशूळ अजून पचमढीच्या महादेवाले पोचला नाही.

शिवरात्रीच्या जत्रेसाठी मी नाकाडोंगरीहून निघालो तेव्हा सारं बरोबर होतं. आईचं बोलणं घोकत घोकतच निघालो: "धुरपताच्या मांडीवर लेकरू खेळू दे, त्याचा मामा आपल्या पायाच्या जोरावर मोठ्या महादेवाले त्रिशूळ नेईल. तवरी जावळ काढणार नाई." लग्नाच्या नवव्या वर्षी शंभू झाला अन् दोन महिन्यांत आई गेली. सायकल चालते का हे तिले विचारायचं राहूनच गेलं. म्हणून जागेश्वरबुवाले विचारलं. ते दर वर्षी आपल्या गावच्या यात्रेकरूंचा पोहा पायी घेऊन जातात, त्यांच्यापेक्षा जास्त कोणाले समजते? बुवा म्हणाले, "इंजिन नाई ना? पाय तुझेच ना? मंग चालते. पण वाटेत त्रिशूळ भुईले टेकू नोको देजो. रातच्याले झाडाले टांगजो."

कटंगी, सिवनी, छिंदवाडा, सगळं मजेत गेलं. त्रिशूळ पाठीले दुपट्ट्यानं बांधला होता. सिवनीच्या अलीकडे पोरं मागे पळत होती, म्हणे शंकर सायकलीवर चालला. तिथे एका म्हाताऱ्यानं उसाचा रस पाजला अन् त्याच्या बैलाची गोष्ट सांगितली, ती नंतर सांगीन, लय मजेची आहे.

तामियाच्या घाटात घोटाळा झाला. ही बाबाची सायकल, तुले तर माहीत आहे, खाणीवरचा विलायती साहेब जाताना बाबाले देऊन गेलेली, मेंढ्याच्या शिंगासारख्या हँडलची. पळायसाठी केलेली आहे ती. पुढच्या चकतीले सत्तेचाळीस दात, मागच्या पाचातल्या सगळ्यात मोठ्या चकतीले तेवीस. म्हणजे पायडल एक फेर फिरलं की मागचं चाक दोन फेर फिरते. सपाटीवर घोडा, चढावर म्हैस. तिसऱ्या वळणावर उभा राहून जोर लावला, पायडल जागचं हलेना. पाय खाली टेकवायच्या आत मी आडवा अन् त्रिशूळ डांबरावर. ठण्ण आवाज झाला. तो आवाज अजून कानात आहे.

यात्रेकरूंचे पोहे माझ्या बाजूनं "हर हर महादेव" करत पुढे गेले. मी परतलो. इथे बाबुलाल मिस्त्रीच्या सायकलीच्या दुकानात राहतो, पंक्चर काढतो, दोन टाइम जेवण मिळते. त्रिशूळ दुकानासमोरच्या कडुनिंबाले टांगला आहे. बाबुलाल म्हणते, "पहिलवान, चढ़ाई टाँग से नहीं, दाँतों से चढ़ते हैं." मागे जास्त दात अन् पुढे कमी दात पाहिजे, मग ही गाडी भिंतीवर पण चढंल. बुवाले कार्ड टाकून विचारलं आहे, टेकलेल्या त्रिशूळाचं काय करू.

तवरी शंभूचे केस कापू नको.

तुझा भाऊ,
तेजराम


पवनी
२२ एप्रिल १९७९

चि. तेजराम यास धुरपताचा आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा रडली, एकदा हसली, मंग चूल पेटवली. सायकलीच्या दातांची जंत्री लिहिली, आपल्या गुडघ्याचं काहून नाई लिहिलं गा? पडला तर लागलं असंल ना?

शंभूचे केस खांद्याच्या खाली आले. मी दोन वेण्या घालते. वैनगंगेवर धुणं धुवाले गेली तर बायका म्हणतात, "पोरगी गोड हाय, नाव काय?" तर हा झबलं वर करून दाखवते. साऱ्या घाटावर हसणं. पण उन्हात डोकं घामोळ्यानं भरते, खाजवून खाजवून रक्त काढते. कुंताबाई शेजारीण मले विचारते, "मामा महादेवाले गेला का सासऱ्याले गेला?" मी म्हणली, त्याले पोरगी कोण देते, तो मांडवात जायच्या आधी दुसऱ्याची बैलं पाहत बसंल.

त्याले "मामा कसा येते?" विचारलं की जीभ टाळूले लावून टिक टिक टिक करते. तू पायडल थांबवते तवा तुझ्या चाकाचा जो आवाज येते ना, तो. गेल्या पोळ्याले तू आलता तवाचं ध्यानात हाय पोराच्या.

आता नीट ऐक. जावळ तिसऱ्या वर्षातच झालं पाहिजे. आखाडी एकादशीनंतर मुहूर्त नाई, अन् दिवाळीनंतर त्याले चौथं लागते, मंग पाचव्याची वाट पाहा. म्हणजे आखाडीच्या आत. मामाच्या मांडीवर बसवूनच काढतात, दुसऱ्याच्या नाई. तुझे भाऊजी काही बोलत नाईत, पण रोज पोस्टमनकडे पाहतात.

तुझी बाई,
धुरपता


छिंदवाडा
२५ मे १९७९

सौ. बाईस नमस्कार.

गुडघा बरा आहे. खपली निघाली.

बुवांचं कार्ड आलं. लिहितात, त्रिशूळ नदीच्या पाण्यानं धुवायचा अन् ज्या घाटात टेकला त्याच्या पायथ्यापासून परत उचलायचा. पण खाली लिहिलं आहे, "दुसऱ्यांदा टेकला तर तो देव नाई, लोखंड हाय. मंग नोको नेजो." बाई, एकच डाव उरला. म्हणून गाडी पक्की झाल्याशिवाय घाटाले लागणार नाही.

काम किती झालं ते सांगतो. आपल्या साध्या सायकलीची चकती हिले चालत नाही, कारण ती जाड अन् हिची चेन बारीक. छत्तीस दातांची एक पुढची चकती भंगारात सापडली, तिचे दात दोन्ही बाजूंनी कानशीनं घासून पातळ केले. चार दिवस लागले, बोटं सोलली. मागची मोठी चकती तर बाजारात कुठेच नाही. मग परासियाच्या कोळसा खाणीतल्या एका लेथवाल्या खराद्याकडून पोलादाची थाळी कापून आणली अन् तिच्यावर तीस दात आखले. तीस! पुढे छत्तीस, मागे तीस. पायडल एक फेर, चाक एक फेर अन् वर जरासं. बाबुलाल म्हणते, यावर तर लंगडी बकरी पण पचमढीले जाईल.

दात पाडताना मात्र माझ्या हातून चूक झाली. दुकानात एक तेंदूपत्त्याचा मुनीम आला होता, तो वाघाची गोष्ट सांगत होता. मी ऐकता ऐकता कानस मारत गेलो. गोल पूर्ण झाला तर शेवटचा दात अर्धाच उरला. एकोणतीस अन् अर्धा. बाबुलालनं कपाळावर हात मारला. आता दुसरी थाळी आणावी लागंल, खराद्या लग्नाले गेला आहे, आठ दिवस तरी जातील.

मधले चार दिवस त्या मुनिमासोबत जंगलात गेलो होतो, पानं मोजून घेतात त्या पत्त्याच्या फळ्यांवर. कामच नव्हतं ना. रागावू नको.

शंभूले माझी टिक टिक.

तेजराम


पवनी
११ जून १९७९

चि. तेजराम यास आशीर्वाद.

आखाडी तीन-साडेतीन आठवड्यांवर आली. धानाचे पऱ्हे टाकायची घाई, तुझे भाऊजी शेतात बांधीवर, लिहायले फुरसत नाई म्हणून थोडक्यात लिहिते.

शंभूले दोन दिवस ताप होता. उतरला. पण खेळत नाई, मांडीवरच बसते. कुंताबाई म्हणते नवस अडला म्हणून. मी तिले बोलली, "तुझ्या तोंडाले आग लागो." पण रातभर तेच डोक्यात फिरते.

तेजराम, मी तुले हात जोडते. सायकल राहू दे. घाटाच्या पायथ्यापासून पचमढी किती हाय? बुवाचा पोहा म्हाताऱ्या बाया घेऊन चालते. तू चोवीस वर्षांचा, तुले चालता येत नाई? त्रिशूळ खांद्यावर घे अन् पायी जा. चार दिवसांत पोचशीन. पायाचा जोर म्हणजे पायच ना गा?

धुरपता


छिंदवाडा
२० जून १९७९

सौ. बाईस नमस्कार.

शंभूचा ताप उतरला हे वाचून बरं वाटलं. पोरांले ताप येतेच. मले लहानपणी किती यायचा, आई मले कांबळ्यात गुंडाळून ठेवायची अन् तू माझ्या वाट्याचा भात खायची.

तू पायी जा म्हणते. तुझं खरं आहे. काल त्रिशूळ खाली काढला, खांद्यावर घेतला, नाक्यापर्यंत गेलो पण. अन् परत आलो. का ते सांगतो, हसू नको. शाळा मी सातवीत सोडली. मिलमधे लागलो, सहा महिन्यांत सोडली. बाबा मेले तेव्हा मी गोंदियाच्या जत्रेत होतो. आई गेली तेव्हा अर्ध्या रस्त्यात. सगळे म्हणतात, तेजराम निघते पण पोचत नाही. पायी तर सगळेच जातात बाई. बाबाच्या सायकलीवर, आपल्या हातानं केलेल्या चकतीवर, एकदा तरी माझ्यासारखा मी पोचावं, एवढंच. मग शंभू मोठा झाल्यावर त्याले दाखवीन, हे पाहा, तुझ्या केसांसाठी मामानं तीस दात मोजून पाडले.

नवीन थाळी झाली. तीसच दात, पाच वेळा मोजले. चेन सरकवणारा हात मोठ्या चकतीले अडते, त्याले बोटभर पट्टी जोडून खाली घ्यायचं आहे. चेनीत चार कड्या वाढवायच्या. आठ दिवस फक्त. आखाडीच्या आदल्या दिवशी पचमढीत असीन.

तुझा,
तेजराम


पवनी
६ जुलै १९७९

चि. तेजराम यास आशीर्वाद.

तू अजून निघाला नसशीन तर घाई करू नको. निघाला असशीन तरी हळू चाल. आखाडी गेली. आता मुहूर्ताची घाई नाई. केसांचंही काही नाई आता.

पावसात घाट निसरडा असते. वळणावर समोर पाहजो. मागचं काही मनात आणू नको. त्रिशूळ टेकू देऊ नको. एवढं काम माझ्यासाठी पुरं कर.

मी तुझ्यावर रागावली नाई.

धुरपता


पचमढी
२४ जुलै १९७९

सौ. बाईस, तेजरामचा नमस्कार! हर हर महादेव!

पोचलो. पोचलो बाई, पोचलो!

आठ दिवसांचा महिना झाला हे खरं. पट्टी दोनदा तुटली. पण तुझं पत्र आलं अन् माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. तू रागावली नाही, घाई करू नको म्हणाली, मग मी ठरवलं की बाईनं एवढी सूट दिली तर गाडी पक्कीच करू. तुझं कार्ड खिशात घालूनच निघालो.

तामियाच्या घाटाखाली नदी होती, तिच्यात त्रिशूळ धुतला. मग चढ. पाऊस असा की डोळे उघडे ठेवता येईना. तिसरं वळण आलं, तेच. मी तीसवाल्या चकतीवर टाकलं. खट्. चेन चढली अन् पायडल लोण्यासारखं फिरलं. पण किती हळू, सांगू? डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी मागून आली, माझ्या बाजूनं चालली अन् पुढे गेली. जाता जाता म्हणते, "बेटा, उतरके चल, जल्दी पहुँचेगा." मी म्हटलं, "दाई, उतरायचंच नाही आहे." तिले काही समजलं नाही.

तुझं लिहिलेलं ध्यानात ठेवलं. समोर पाहिलं, मागचं मनात आणलं नाही. पचमढीचा घाट तर त्याहून लांब. दोन ठिकाणी वाटलं आता पडतो. तेव्हा शंभूची टिक टिक मोजली, एक फेर एक टिक. पाय खाली टेकला नाही. वर महादेवाच्या चौरागडाले पायऱ्याच पायऱ्या, तिथे सायकल ठेवून त्रिशूळ खांद्यावर नेला. हजारो त्रिशूळ आहेत तिथे बाई, गंजलेले, नवे, पोरांच्या हाताएवढे, माणसापेक्षा उंच. प्रत्येकामागं एक कोणीतरी. आपला मी भिंतीजवळ रोवला, पडणार नाही असा.

आता तू सांग. आखाडीनंतर मुहूर्त नाही, पण पोळ्याले काही निघते का? का दिवाळीच्या आत? भटजीले धर. मी मांडी घालून बसीन, तो रडला तर जिभेनं टिक टिक करीन. त्याच्यासाठी छोटा डमरू घेतला आहे. बाबुलालच्या पत्त्यावर लिही.

तुझा पोचलेला भाऊ,
तेजराम


पवनी
४ ऑगस्ट १९७९

श्री. तेजराम यास,
तुझ्या भाऊजीचा, गोपीचंदचा नमस्कार.

हे पत्र मी धुरपताला न सांगता लिहीत आहे. तू मुहूर्त विचारला, त्याचं उत्तर कोणी तरी द्यायला पाहिजे.

शंभू २८ जूनला गेला. ताप परत चढला तो डोक्यात गेला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात चार दिवस होतो. तुझं वीस तारखेचं पत्र शेजाऱ्यानं तिथे आणून दिलं. तिनं ते पोराला वाचून दाखवलं. त्याला समजत नव्हतं, तरी दाखवलं.

नेताना तिनं कोणाला हात लावू दिला नाही. कात्री मागितली अन् त्याच्या दोन्ही वेण्या स्वतः कापल्या. म्हणाली, हे देवाचं आहे, मातीत जाणार नाही. लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवल्या आहेत. वैनगंगेच्या काठी पोराला ठेवलं.

तुला पत्र लिहायला बसली तेव्हा मी म्हटलं, खरं लिही. ती म्हणाली, "तो घाटात असंल. डोळ्यात पाणी आलं तर त्याले रस्ता दिसणार नाई. एक गेला, दुसरा पाठवू का?" मी म्हटलं, मग आता त्रिशूळ कशाला? तर म्हणाली, "आईनं लेकरू मागितलं होतं. लेकरू दिलं ना देवानं? किती वर्षांचं, ते कोणी मागितलंच नाई. आता बोलणं आपल्याकडचं राहिलं."

ती तुला दोष देत नाही. मी देतो. डॉक्टर म्हणाले, हा ताप या सालात बऱ्याच पोरांना झाला, त्रिशूळाचा संबंध नाही. मी ते मानतो. पण मामाच्या मांडीवर बसून त्याचे केस निघाले असते, लाडू वाटले असते, एक दिवस घर भरलं असतं. तो दिवस तू दात मोजण्यात घालवला. खोटं काहून लिहू?

तुझं पचमढीचं पत्र तिनं वाचलं. बराच वेळ हातात धरून होती. म्हणाली, "पोचला." त्यानंतर ती कोणाशी बोललेली नाही. सध्या तू पवनीला येऊ नको.

गोपीचंद


छिंदवाडा
४ नोव्हेंबर १९७९

श्री. गोपीचंद भाऊजींस,
तेजरामचा नमस्कार.

तीन महिने झाले. लिहायले बसलो की तारीख टाकून कागद फाडतो. या वेळी टाळत नव्हतो भाऊजी. तुम्ही येऊ नको म्हटलं म्हणून भाऊबीजेले पण आलो नाही. त्या दिवशी दुकान बंद होतं, मी दिवसभर पायरीवर बसून होतो.

तुम्ही दोष देता ते बरोबर आहे. मी पण तेच मोजतो. अर्ध्या दाताचे आठ दिवस. मुनिमासोबत जंगलात गेलो ते चार, ते त्या आठांतलेच. नाक्यावरून परत आलो तो एक दिवस. त्रिशूळ खांद्यावर होता भाऊजी, पाय चालत होते, अन् मी परत आलो. त्या दिवशी पुढे गेलो असतो तर चोवीस-पंचवीसले पचमढी, अन् तिथून मोटार धरली असती तर... पोर वाचलं असतं का, ते महादेवाले माहीत. पण माझ्या मांडीवर एकदा बसलं असतं.

बाईचं ते कार्ड रोज काढून पाहतो. "केसांचंही काही नाई आता." मी ते वाचून शीळ वाजवली होती. बाबुलालले सांगितलं होतं, माझी बाई लय मोठ्या मनाची आहे. एवढं सरळ लिहिलं होतं तिनं अन् मले त्याच्यात फक्त माझी सूट दिसली.

सायकल मी चालवत नाही. तीसवाली चकती काढून ठेवली, बाबुलालनं न विचारता परत लावली. म्हणते, चीज़ का क्या क़सूर. दुकानाच्या आढ्याले टांगली आहे. वारा आला की मागचं चाक आपोआप फिरते अन् टिक टिक करते. मी चाकात लाकूड अडकवलं होतं. मग काढलं. ते न ऐकणं जास्त कठीण जाते.

डमरू इथेच आहे. त्याचं काय करू ते

भाऊजी, इथे हात थांबला होता. समोर सिवनीकडून येणारी मोटार उभी राहिली अन् तिच्यातून बाई उतरली. एकटी. तुम्ही पाठवलं का? नसंल पाठवलं. तुम्ही तिकडे शोधत असाल म्हणून हे पत्र आत्ताच टाकायले देतो, काळजी करू नका, ती माझ्यासमोर उभी आहे.

लय वाळली आहे. चपला नाहीत पायात. मी उठलो, "बाई" म्हटलं. तिनं वर टांगलेल्या सायकलीकडे पाहिलं नाही. माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "महादेवापर्यंत चालता येते ना गा?"

मी मान हलवली.

बाबुलालनं तिच्यासाठी स्टूल आणलं, पाणी आणलं, म्हणते, बहनजी, गठरी नीचे रख दो, इतनी दूर से आई हो. लुगड्याच्या तुकड्याची लहानशी पोटली आहे तिच्या हातात, मुठीएवढी. एका हातानं तिनं पाणी प्यायलं, दुसरा हात छातीशीच आहे. पोटली ती खाली टेकवत नाही आहे.

तेजराम